चावरा बत्ताशा आणि दातांचे डॉक्टर

डॉक्टर खांबेटे गेल्याचा फोन आला तेव्हा सकाळचे सात वाजले होते आणि मी बत्ताशाला खरारा करत होते. घोड्याची एक बाजू झाली होती, दुसरी राहिली होती. डॉक्टरांच्या मुलीने, मेधाने, एवढंच सांगितलं, "सुरेखाताई, बाबा पहाटे गेले. झोपेतच." मी 'येते' म्हणाले, फोन ठेवला, घोड्याची दुसरी बाजू पूर्ण केली आणि मगच कात्रजहून सदाशिव पेठेत जायला निघाले. कोणी मला दगड म्हणेल. पण अर्धा घासलेला घोडा तसाच सोडून मी धावत गेले असते, तर त्या माणसाने पांढऱ्या चादरीखालूनही काहीतरी खवचट ऐकवलं असतं. या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. लोक अजून भेटायला येतात, हळहळतात, 'फार चांगला माणूस' म्हणतात. चांगले होतेच, पण तेवढ्याने डॉक्टर कळत नाहीत. ते एक मोठी लढाई जिंकले होते, आणि तीही माझ्यासारख्या हट्टी बाईविरुद्ध. ती मी सोडून दुसरं कोण सांगणार?

माझे वडील, आबा, कसबा पेठेतले टांगेवाले. स्टेशनपासून पेठांपर्यंत त्यांचा टांगा चालायचा. पुढे रिक्षा वाढल्या, मग घरोघर स्कूटर आल्या, आणि एक दिवस आबा दिवसभर उभे राहून रिकामा टांगा घेऊन परतले. टांगा मोडीत गेला तरी घोडा मोडीत काढता येत नाही. आबांचा शेवटचा घोडा बत्ताशा, दुधी रंगाचा, तरणाबांड. आबा गेल्यावर त्याला आणि आणखी तीन घोड्यांना घेऊन मी कात्रजच्या पुढे भाड्याच्या जागेवर घोडेस्वारी शिकवायला लागले. घरच्यांनी वेड्यात काढलं. पण दिवस असे आले होते की हिंजवडीच्या कंपन्यांमधली पोरं आठवडाभर पडद्यासमोर बसायची आणि रविवारी त्यांना काहीतरी जिवंत हवं असायचं. सुमो भरून यायची. आबांचा मोतद्दार शिवराम माझ्याबरोबर राहिला. त्याने आयुष्यभर घोडे राखले होते, आणि घोड्याबाबत देवाचंही ऐकायचं नाही, हा त्याचा बाणा होता. तसा तो माझाही होता.

खांबेटे डॉक्टर आमच्याकडे आले ते एकसष्टाव्या वर्षी, इस्त्रीची पँट घालून. सदाशिव पेठेतला दवाखाना त्यांनी नुकताच मेधाच्या हवाली केला होता. मी विचारलं, या वयात घोडा कशाला? तर म्हणाले, "अहो, पस्तीस वर्षं खाली वाकून लोकांच्या अंधाऱ्या तोंडात बघितलं. आता जरा उंचावर बसून लांबचं बघावं म्हणतो." पहिल्या महिन्यात दोनदा पडले. दोन्ही वेळा उठून आधी घोड्याची क्षमा मागितली. मला वाटलं, हौशी म्हातारा आहे, पावसाळा आला की बंद होईल. पण पावसाळ्यात ते छत्री घेऊन यायला लागले आणि स्वारी नसली तरी तबेल्यात बसून राहायचे.

बत्ताशा तोपर्यंत चावरा म्हणून प्रसिद्ध झाला होता. आधी खिसे चाचपायचा, मग बाह्या ओढायचा, मग दात लावायला लागला. आबांच्या काळात तो गाय होता, आणि हे सगळं त्याने नंतर कुठून उचललं ते मला कळत नव्हतं. टांगेवाल्यांच्या घरात चावऱ्या घोड्यावर एकच औषध. चावला की तिथल्या तिथे तोंडावर सणसणीत ठेवून द्यायची. मी लहानपणापासून हेच बघितलं होतं आणि माझा हातही बरा जड आहे. मी द्यायची, तो आणखी जोरात चावायचा, मग मी आणखी जोरात द्यायची. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असं शिवराम म्हणायचा आणि मी मान डोलवायची.

मग श्रुतीचं झालं. श्रुती अमरावतीची, एका कंपनीत नुकती लागलेली, सहा जणांच्या घोळक्यातली सगळ्यात भित्री आणि बत्ताशावर सगळ्यात जास्त जीव असलेली. दर रविवारी ती त्याच्यासाठी ग्लुकोजची बिस्किटं आणायची आणि तळहातावर ठेवून भरवायची. त्या रविवारी ती बिस्किटं विसरली होती. बत्ताशाच्या खांद्याशी लगाम धरून उभी होती, शिवरामने खोगीर चढवलं, पोटाखालचा तंग एका हिसक्यात आवळला, आणि बत्ताशाने मान वळवून तिचा दंड धरला. धरला तो सोडेचना. सुटल्यावर बघितलं तर जर्किनच्या आत कातडी फाटून सगळा दंड काळानिळा पडलेला. मी काय केलं असेल? आधी तिच्याकडे जायचं सोडून हातातला दोर घोड्याच्या तोंडावर ओढला. दोनदा. एरवी इंग्रजी-मराठी मिसळून बोलणारी ती पोर रडत रडत तिच्या घरच्या बोलीत म्हणाली, "ताई, त्याले मारू नका ना…" ते आठवलं की आजही मला माझीच लाज वाटते. दवाखान्यातून परतल्यावर त्यांच्या गटाचा प्रमुख शांतपणे म्हणाला, "मॅडम, पुढच्या वेळी हा घोडा इथे असेल तर आम्ही नसू." त्याचं काही चुकलं नव्हतं.

मी सोपानरावाला फोन केला. सोपानराव म्हणजे वीटभट्ट्यांना घोडे पुरवणारा दलाल. भट्टीवर घोडा चावला काय आणि न चावला काय, त्याच्या तोंडाला मुसकं बांधतात आणि पाठीवर विटा लादतात. तिथे गेलेला घोडा किती दिवस टिकतो ते आम्हा टांगेवाल्यांना ठाऊक असतं, म्हणून आम्ही त्याबद्दल बोलत नाही. आमच्या घरात एकच नेम होता. दसऱ्याची पूजा झाल्याशिवाय घोडा दारातून काढायचा नाही. दसऱ्याला पाच आठवडे होते. सोपानराव म्हणाला, "दसऱ्याला टेंपो आनतो, बाई. पूजा झाली की भरू." मी बरं म्हणाले. त्या रात्री जेवण गेलं नाही, पण निर्णय बदलला नाही. आबांचा शेवटचा घोडा मी स्वतःच्या तोंडाने भट्टीला दिला होता.

मंगळवारी डॉक्टर आले तेव्हा मी त्यांना हे असं सांगितलं, जणू जुनं कपाट विकायला काढलंय. त्यांनी चष्मा पुसला, उजव्या हाताचा अंगठा माझ्यापुढे धरला. नखाच्या खाली अर्धगोल व्रण होता. "एक सहा वर्षांची मुलगी. भवानी पेठेतली. पस्तीस वर्षांत मला खूप जण चावले, सुरेखाबाई. उगीच म्हणून एकही चावला नाही." मी म्हणाले, हे जनावर आहे, डॉक्टर. "ती मुलगीही त्या वेळी जनावरच होती. पाच आठवडे आहेत ना? मग घोडामैदान जवळच आहे."

आता इथे कोणाला वाटेल की डॉक्टरांनी हात लावला आणि घोडा बरा झाला. छे! पहिला आठवडा त्यांनी वाया घालवला. दातांचा डॉक्टर तो, त्याला सगळं दुखणं दातातच दिसणार. लगामाची कडी दाढेला लागत असेल, टोकं वाढली असतील, असं म्हणून टॉर्च घेऊन आले. जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं, बत्ताशाचं तोंड उघडून बघितलं, आणि खरोखरच मागच्या दाढांना धारदार कडा निघाल्या. त्या कानशीने घासून घेतल्या. खांबेटे डॉक्टरांचा चेहरा काय खुलला होता! दुसऱ्या दिवशी खोगीर चढवताना ते स्वतः शेजारी उभे राहिले, आणि बत्ताशाने त्यांचाच खांदा पकडला. सदरा फाटला, खालचं रक्तही दिसलं. मी हात उगारला तर माझ्या आणि घोड्याच्या मध्ये आले. मग पेंडीच्या पोत्यावर बसून फाटलेला सदरा खांद्यावर दाबून धरला. मी गप्प बसणाऱ्यातली नाही. मीच म्हणाले, "रोग रेड्याला आणि औषध पखालीला." त्यांनी मान वर केली. "टोमणा बरोबर आहे. निदान चुकलं. आता मी बोलणार नाही, बघणार आहे."

आणि खरंच आठ दिवस तो माणूस नुसता बघत बसला. बादली पालथी घालून सकाळी साडेसहा ते दहा. शिवराम त्यांना वळसा घालून जायचा आणि माझ्याकडे बघून डोळे फिरवायचा. आम्ही सगळे विचारत होतो, हा का चावतो? डॉक्टरांनी उलटं धरलं, हा चावत नाही केव्हा? खोगीर नसलं तर चावत नाही, नुसते खिसे हुंगतो. उजव्या बाजूने खरारा केला तर डोळे मिटतो. डाव्या बाजूला, पुढच्या पायाच्या कोपरामागे ब्रश गेला, की कान क्षणभर मागे जातो आणि पुन्हा सरळ होतो. क्षणभरच. मी रोज त्याला घासत होते आणि मला ते दिसलं नव्हतं. डॉक्टरांनी हिरडी चाचपावी तशी बोटं त्या जागी सरकवली, मग माझा हात धरून तिथे ठेवला. "दाबू नका. नुसतं ठेवा." केसांखाली वाटाण्याएवढी गाठ होती. टांग्याचा जुना पोटपट्टा वर्षानुवर्षं तिथे घासला होता, आणि आता स्वारीचा तंग बरोबर त्याच गाठीवरून जात होता. शिवराम एका हिसक्यात आवळायचा तो त्या गाठीवर.

मी गाठीवरून हात काढला. डॉक्टरांनी मात्र तेवढ्यावर सोडलं नाही. "आधी तो सांगत असणार. कान मागे घेत असणार, नाक आवळत असणार. तेव्हा तुम्ही काय करत होता?" मी म्हणाले, थोबाडीत देत होते. कान पाडलेला घोडा म्हणजे माजलेला घोडा, हे आमचं पिढीजात शहाणपण. "म्हणजे त्याने सांगणं बंद केलं आणि थेट चावायला लागला. दवाखान्यात आया हेच करतात. रडणाऱ्या पोराला दटावून गप्प बसवतात, मग ते न रडता चावतं. आणि आया मला म्हणतात, बघा, काही कारण नसताना चावला." त्यांनी ते रागाने सांगितलं नाही, म्हणून जास्त लागलं. मग गुळाचं निघालं. आबा प्रत्येक फेरीनंतर त्याला तळहातावर गूळ द्यायचे. आबा गेले, तळहात उरले, गूळ गेला. जो तो कधी बिस्किट देणार, कधी नाही देणार, कधी शोधलं म्हणून फटका देणार. त्याने कोणत्या हातावर विश्वास ठेवायचा होता? आबांची माया आणि माझा मार, दोन्ही त्याला चावायला शिकवत होते, हे पचवायला मला दोन दिवस लागले.

उरले होते जेमतेम अडीच आठवडे. गाठ गरम पाण्याने शेकायची, जनावरांच्या डॉक्टरांनी दिलेलं मलम लावायचं, आणि बारा दिवस खोगीर बंद. शिवरामच्या बायकोने जुनी गोधडी फाडून तंगाला मऊ गवसणी शिवली. गूळ आणि दाणा फक्त घमेल्यात, हातावर कोणीही काही द्यायचं नाही, मीसुद्धा. नाकाशी लाडाने खेळायचं नाही. लाड करायचा तर मानेच्या बुडाशी खाजवायचं, घोडे एकमेकांना तिथेच खाजवतात. तो अंगावर आला तर मारायचं नाही, ओरडायचं नाही, शांतपणे दोन पावलं मागे सरकवायचा आणि मागे गेला की मोकळा सोडायचा. पहिले चार दिवस प्रकरण आणखी बिघडलं. गूळ देणारा हात अचानक देईनासा झाल्यावर बत्ताशाने माझी ओढणी फाडली, शिवरामची टोपी पळवली. मी म्हणाले, जमत नाही हो हे. डॉक्टर म्हणाले, "मागणं सोडण्याआधी माणूससुद्धा एकदा जोरात मागून बघतो." पाचव्या दिवशी तो घमेल्यापाशी जाऊन उभा राहिला आणि आमच्या हातांकडे बघेना.

पण सगळ्यात मोठी गोष्ट होती डॉक्टरांच्या खुर्चीचा नियम. त्यांच्या दवाखान्यात पेशंट खुर्चीवर बसला की ते सांगायचे, "दुखलं तर डावा हात वर करा. मी थांबतो." आणि ते खरंच थांबायचे. ते सांगत, पहिल्यांदा लोक उगीचच हात वर करतात, हा खरंच थांबतो का ते बघायला. एकदा खात्री पटली की मग हात खाली राहतो, आणि दुखणंसुद्धा थोडं सोसवतं. आता बत्ताशाचे कान हा त्याचा डावा हात. तंग तीन टप्प्यांत आवळायचा, एकेक भोक. कान मागे गेला की हात काढायचा. कान पुढे आला की मगच पुढचं भोक. शिवरामला हे ऐकून हसावं की नोकरी सोडावी कळेना. "डाक्टर, घोड्याला इचारून कोन तंग आवळतं व्हय?" डॉक्टर म्हणाले, "कोणी नाही. म्हणून तर तुम्हाला सगळ्यांना चावतो तो." शिवरामने करून बघितलं ते डॉक्टर चुकीचे ठरावेत म्हणून. पहिल्या दिवशी एका तंगाला वीस मिनिटं लागली. बत्ताशा सारखे कान मागे घ्यायचा, खात्री करून घेत असल्यासारखा. सहाव्या दिवशी पाच मिनिटं.

दसऱ्याच्या सकाळी तबेल्याला झेंडूची तोरणं लावली, घोड्यांच्या गळ्यात माळा घातल्या, मी औक्षण केलं. कंपनीची पोरं आली होती, मी फोन करून बोलावलं होतं. श्रुती मागे मागे उभी होती. फाटकाबाहेर सोपानरावाचा टेंपो लागलेला, मागे गवत पसरून तयार. मला वाटलं होतं डॉक्टर स्वतः खोगीर चढवतील. ते श्रुतीकडे गेले, तिला कानांचा नियम समजावला आणि म्हणाले, तुमची इच्छा असेल तरच. ती पोर लालबुंद झाली, पण पुढे आली. तिच्या दंडावर अजून पिवळट डाग होता. तिने खोगीर ठेवलं, तंग घेतला, पहिलं भोक. बत्ताशाचा कान मागे गेला. तिने हात काढून घेतला. कान पुढे आला. दुसरं भोक. तिसऱ्याला त्याने मान वळवली आणि नाक थेट तिच्या त्याच दंडापाशी नेलं. मी एक पाऊल पुढे टाकलं… त्याने बाही हुंगली, फुरफुर केलं, आणि मान पुन्हा समोर वळवून जबडा हलवत उभा राहिला. श्रुती हसत होती आणि रडतही होती. सगळे डॉक्टरांकडे बघत होते, आता हे काहीतरी मोठं बोलणार म्हणून. ते हात पुसत म्हणाले, "पुढचा पेशंट."

सोपानराव फाटकाशी सगळं बघत होता. "चावरा हाय म्हनला व्हता तुमी." मी म्हणाले, होता. त्याचा टेंपो रिकामा गेला आणि श्रुतीने बत्ताशावरून मैदानाला चार फेऱ्या मारून सगळ्यांना आपट्याची पानं वाटली. मी त्या दिवशी माझ्या आयुष्यात पहिल्यांदा एका परपुरुषाला सगळ्यांदेखत वाकून नमस्कार केला. ते एवढे गांगरले की त्यांनी मलाही उलटा नमस्कार केला.

पुढे दोन महिन्यांनी सोपानरावाचाच फोन आला. "बाई, एक चावरी हाय. भट्टीवाला बी घेत न्हाय. येऊ का घिऊन?" अशी सुरुवात झाली. दरवर्षी दोन-तीन घोडे यायला लागले, कोणी भीतीने चावणारे, कोणी दिवसभर एका खुंटीला बांधून वेडावलेले, कोणी नुसते पोरवयाचे. डॉक्टरांना सगळेच साधले नाहीत. एका घोडीचं कारण शेवटपर्यंत सापडलं नाही, आणि तिच्यापुढे ते कित्येक सकाळी हरल्यासारखे बसले होते. पण बाकीचे आज कुठे कुठे लेकरं पाठीवर घेऊन हिंडतायत. गेल्या वर्षी त्यांचे गुडघे गेले, मग श्वास लागायला लागला, तरी मेधा त्यांना रविवारी गाडीतून आणून सोडायची. शेवटचे भेटले तेव्हा मी म्हणाले, तुमच्यामुळे बत्ताशा म्हातारा होऊ शकला, डॉक्टर. ते म्हणाले, "मीही त्याच्यामुळेच."

ते गेल्यानंतर पंधराव्या दिवशी सोपानरावाने एक काळी घोडी आणून सोडली. मला तिला घ्यायची नव्हती. डॉक्टरांशिवाय आपल्याला काय जमणार, असं मनात होतं, आणि दुसऱ्याच दिवशी ती माझ्या मनगटाला चावली. माझा हात वर गेला. खरं सांगते, इतक्या वर्षांनंतरही गेला. तो तसाच खाली आणला आणि तिच्या पाठीमानेवरून फिरवत बसले, कुठे दुखतंय ते शोधत. शोधायला दहा दिवस लागले. गेल्या रविवारी तिच्यावर पहिल्यांदा खोगीर चढवलं. मी लांब उभी होते, शिवरामला सांगणार होते की सांभाळून, बघ. त्याने तंग पहिल्या भोकात अडकवला, घोडीचे कान मागे गेले, आणि मी तोंड उघडायच्या आत त्याचा हात थांबलेला होता. कान पुढे यायला बराच वेळ लागला. आम्हा दोघांनाही कसलीच घाई नव्हती.